घराला फॅमिली डॉक्टर मिळाल्या तेव्हा

घरात कोणाला काही झालं की थेट त्या अवयवाचा डॉक्टर गाठायचा, अशी आमची रीत होती. आईच्या गुडघ्यांसाठी हाडांचे डॉक्टर, बीपीसाठी हृदयाचे, झोप लागत नाही म्हणून आणखी कोणी. नवरा दरवर्षी हेल्थ चेकअपचं पॅकेज करून घ्यायचा आणि रिपोर्टात जाड ठशात छापून आलेले आकडे घेऊन एकेका स्पेशालिस्टकडे जायचा. मी स्वतः लेकीच्या जन्मानंतर सर्दी-तापाखेरीज डॉक्टरांची पायरी चढले नव्हते. हे सगळे डॉक्टर आपापल्या कामात चांगले होते, हे मी आजही म्हणेन. पण आईला उठताना चक्कर यायला लागली आणि जो तो 'आमच्या बाजूने सगळं ठीक आहे' असं सांगू लागला, तेव्हा प्रश्न पडला की मग ही चक्कर बघायची कोणी? एका मैत्रिणीने सुचवलं, "आधी एक चांगला जनरल प्रॅक्टिशनर गाठा. घरातल्या सगळ्यांसाठी एकच."

वेळ घ्यायला फोन केला तेव्हाच पलीकडून सूचना आली: येताना आईंची सगळी औषधं पिशवीत घालून आणा. चालू असलेली, बंद केलेली, दुकानातून स्वतःहून आणलेली, मलमं, डोळ्यांचे थेंब, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, सगळी. नुसत्या चिठ्ठ्या नकोत. कारण चिठ्ठीवर काय लिहिलंय आणि पोटात काय जातंय, यात बऱ्याचदा फरक असतो.

डॉक्टरांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि एकेक पाकीट उचलून आईला विचारायला सुरुवात केली. "आजी, ही कशासाठी घेता? कधीपासून? कोणी दिली?" आई मला वाटलं होतं त्याहून नीट सांगत होती. ही बीपीची, ही सुजेची, ही चक्करची, ही झोपेची, ही गुडघ्यांची, ही गुडघे फारच दुखले तर. मला वाटलं होतं, औषधांची यादी करतील. त्या तारखा लिहीत होत्या. कोणती गोळी आधी आली, कोणती नंतर.

त्या तारखा एकाखाली एक आल्या तेव्हा चक्करची गोष्ट उलगडली. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू होतीच, तिच्या जोडीला अम्लोडिपिन आली. अम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, तशी आईला आली. ती सूज वेगळा आजार समजून दुसऱ्या ठिकाणी लघवी वाढवणारी गोळी मिळाली. शरीरातलं पाणी कमी झालं, रात्री उठावं लागू लागलं, आणि उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. मग चक्करची गोळी. तिने दिवसभर गुंगी. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्यावर नवं औषध येतं, या साखळीला वैद्यकात प्रिस्क्राइबिंग कॅस्केड म्हणतात. प्रत्येक गोळी देणाऱ्याने समोर दिसत होतं त्यावर योग्यच उपाय केला होता. सगळ्या गोळ्या एकत्र कोणाच्याच समोर आल्या नव्हत्या.

गुडघ्यांचं प्रकरण याहून गंभीर निघालं. डायक्लोफिनॅक लिहून दिलेली होती, आणि 'फारच दुखलं तर' म्हणून आई आयब्युप्रोफेन वेगळी आणायची. दोन्ही एकाच जातीची वेदनाशामकं. ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि जठरालाही त्रास देतात. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि असं वेदनाशामक ही तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हातारपणी तर जास्तच. मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम त्याच दिवशी आईच्या रक्तात तपासायला गेलं.

मग बीपी. आधी पाच मिनिटं झोपवून, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. झोपून १४२, उभं राहिल्यावर ११४. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष धरतात. इतक्या ठिकाणी आईचं बीपी मोजलं गेलं होतं, पण दर वेळी खुर्चीत बसवूनच. त्यानंतर तिला खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायला, वळून परत यायला आणि बसायला सांगितलं. डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या. याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. आईला त्याहून बरेच जास्त लागले. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं तर पुढे काय काय होतं, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना या तपासणीचं मोल सांगायला नको. आणि तिला लागतं काय, तर एक खुर्ची आणि एक घड्याळ.

मला वाटलं, आता निम्म्या गोळ्या लगेच बंद होतील. तसं झालं नाही, आणि मला हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. एका वेळी एकच बदल, मग थोडे दिवस वाट, मग मोजमाप, मग पुढचा. पहिल्यांदा दोन्ही वेदनाशामकं बंद झाली. त्यांच्या जागी पॅरासिटामॉल, लावायचं जेल आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम. मग हृदयाच्या डॉक्टरांना पत्र गेलं: उभं राहिल्यावर बीपी इतकं उतरतंय, घोट्यांना सूज आहे, अम्लोडिपिन कमी करावी असं वाटतं, आपलं मत कळवावं. त्यांचा होकार आल्यावर डोस उतरला. सूज ओसरली तशी लघवीची गोळी थांबली. शेवटी चक्करच्या गोळीची गरजच उरली नाही. मधल्या काळात गुडघे जास्त दुखले आणि आई चिडली. "तुझ्या डॉक्टरांनी माझं दुखणं परत आणलं," असं तिने मला दोनदा ऐकवलं. व्यायामाचा फरक दिसायला वेळ लागतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही टिकलो.

झोपेची गोळी त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली. अशी गोळी बरीच वर्षं घेतलेली असेल तर एकदम बंद करायची नसते, झोप पूर्वीपेक्षा वाईट होते आणि इतर त्रासही होतात. हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरवायची. पण त्याआधी डॉक्टरांनी आईला दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतंय का? आई काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने तिने डोळे टिपले. बाबा गेले त्याच महिन्यात ती गोळी सुरू झाली होती, तारखांच्या यादीत ते सरळ दिसत होतं. त्यानंतर दुःखाबद्दल तिला कोणी विचारलंच नव्हतं. झोपेबद्दल मात्र सगळ्यांनी विचारलं होतं. त्या दिवशी गोळ्यांची चर्चा तिथेच थांबली आणि उरलेला वेळ आई बाबांबद्दल बोलत राहिली. डॉक्टरांनी तिला घाई केली नाही. पुढच्या भेटीत नैराश्यासाठीची नऊ प्रश्नांची सविस्तर प्रश्नावली झाली, समुपदेशन सुरू झालं, आणि मग कुठे झोपेच्या गोळीला हात लागला.

इथवर मी फक्त आईसोबत जात होते. माझी आणि नवऱ्याची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी तपासायच्या आधी कागद घेतला आणि कुळाचं झाड काढलं. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ, गेलेल्यांवर तिरकी रेघ, तीन पिढ्या. प्रत्येकाच्या खाली आजार आणि तो कितव्या वर्षी झाला ते. वयावर त्यांचा फार कटाक्ष होता. सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका आला हे आम्हाला माहीतच होतं. पण तो ५२व्या वर्षी आला, याला वेगळा अर्थ आहे. वडील किंवा भावाला ५५च्या आत, आई किंवा बहिणीला ६५च्या आत असा आजार झाला असेल तर तो लवकर झालेला समजतात आणि पुढच्या पिढीचा धोका वाढलेला धरतात.

माझ्या बाजूला बाबांच्या चौकोनाखाली 'मोठं आतडं, ५८' असं लिहिलं गेलं. बाबांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ते बरे झाले आणि नंतर बरीच वर्षं नीट जगले. त्यामुळे तो विषय घरात कधीच मिटला होता, आणि माझ्या स्वतःच्या तब्येतीशी त्याचा संबंध असेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर ४०व्या वर्षापासून, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, यात जे लवकर येईल तेव्हापासून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करायची. मी ४३ वर्षांची. मला पोटाची कसलीही तक्रार नव्हती. पण हा कॅन्सर बहुतेक वेळा आतड्यातल्या साध्या गाठीतून, पॉलिपमधून होतो, आणि त्याला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. एवढ्या काळात गाठ सापडली तर ती दुर्बिणीतूनच काढता येते आणि तिचा कॅन्सर होत नाही. तपासणीपेक्षा आदल्या दिवशी आतडं साफ करायचं औषध पिणं जास्त त्रासाचं, हे खरं आहे. माझ्यात एक लहान पॉलिप निघाला, तिथेच काढला, पुढची तपासणी पाच वर्षांनी. माझ्या भावालाही फोन करून हे सांगायला लावलं.

बीपीचं माझं प्रकरण वेगळंच झालं. दवाखान्यात १५०/९४ आलं. मला वाटलं, आता गोळी. त्यांनी मला घरी मोजायला लावलं आणि कसं मोजायचं ते शिकवलं: अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाही, पाच मिनिटं शांत बसायचं. हात हृदयाच्या पातळीत टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. दवाखान्यात १४०/९० ही रेषा असते, घरी १३५/८५. माझी सरासरी १२८/७९ आली. म्हणजे डॉक्टरांसमोर वाढणारं बीपी. औषध नाही, पण अशा माणसांचं बीपी पुढे खरोखर वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून दरवर्षी असा एक आठवडा मोजायचं. एका आकड्यावरून मला आयुष्यभराची गोळी लागली असती, हा विचार नंतर बरेच दिवस मनात होता.

नवऱ्याने पॅकेजचे जुने रिपोर्ट नेले होते आणि या वर्षी सगळ्या शरीराचं सीटी स्कॅन करायचा त्याचा विचार होता. त्यावर डॉक्टरांनी जे समजावलं ते मी नंतर स्वतः वाचूनही पाहिलं. रिपोर्टातली 'नॉर्मल' मर्यादा बऱ्याचशा तपासण्यांमध्ये अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतील. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के. पॅकेजमध्ये याहून कितीतरी जास्त तपासण्या असतात. त्याचं थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच थोडं वाढलेलं होतं आणि तो थायरॉइडच्या गोळीची तयारी करून आला होता. डॉक्टरांनी काही आठवडे थांबून परत तपासलं, नॉर्मल आलं. सीटी स्कॅनला त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. लक्षण नसताना सगळं शरीर स्कॅन केलं की निरुपद्रवी गाठी-ठिपके सापडतात, मग त्यांच्या मागे आणखी स्कॅन, कधी सुईने तुकडा काढणं, आणि किरणोत्सर्ग वेगळाच.

कशाची चाचपणी सरसकट करावी याचे १० निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८मध्ये लिहिले, आणि आजही तेच आधाराला घेतात: आजार महत्त्वाचा हवा, लक्षणं दिसायच्या आधीचा टप्पा पकडता यायला हवा, त्यावर मान्य उपचार हवा, तपासणी लोकांना स्वीकारता येण्यासारखी हवी. माझी कोलोनोस्कोपी या चाळणीतून उतरते, त्याचं सीटी स्कॅन उतरत नाही. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१९चा आढावाही मी वाचला. १७ चाचण्या, अडीच लाखांहून जास्त माणसं. तक्रार नसलेल्या प्रौढांच्या सर्वसाधारण हेल्थ चेकअपमुळे मृत्यूंच्या प्रमाणात जवळजवळ काहीच फरक पडत नाही, असा निष्कर्ष. मला याचं आधी फार आश्चर्य वाटलं. पण ज्याच्या घरात जो धोका आहे तो शोधणं आणि सगळ्यांना एकच यादी लावणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आणि त्या जाडजूड रिपोर्टात नवऱ्याच्या आयुष्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट कुठेच छापलेली नव्हती. वडिलांना ५२व्या वर्षी झटका आलेला, आणि हा सिगारेट ओढतो. डॉक्टरांनी उपदेश केला नाही. विचारलं, "सोडावीशी वाटते का? दहापैकी किती?" तो म्हणाला, चार. "शून्य का नाही म्हणालात?" या प्रश्नावर तो बराच वेळ बोलला, लेकीबद्दल बोलला. सोडल्यापासून वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो, हे त्याला तिथे कळलं. निकोटिनचा च्युइंगगम, सोडायची तारीख, मधल्या काळात फोन. मध्ये त्याने परत ओढायला सुरुवात केली, तेही त्याने जाऊन सांगितलं, आणि नवी तारीख ठरली. आता सुटली आहे. रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६.१ होतं, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचं, ६.५ पासून मधुमेह धरतात. या टप्प्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निकाल २००२मध्ये आले, वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम यांचं लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. नवऱ्याने चालणं निवडलं. वजन अजून तेवढं उतरलेलं नाही, आकडा मात्र ५.८ वर आलाय.

हे सगळं स्पेशालिस्टना टाळून झालं असं कोणी समजू नये. चढ चढताना छाती आवळल्यासारखी वाटली म्हणून नवरा गेला, तेव्हा डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि तो ठीक असूनही लगेच हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत अर्ध्या पानाचं पत्र: वडिलांचं वय, सिगारेटचा इतिहास, कोलेस्टेरॉल, चालू औषधं, आणि नेमका काय प्रश्न आहे. तिथल्या डॉक्टरांनी आधी पत्र वाचलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि झालेली एकही तपासणी परत करायला लावली नाही. धमन्या मोकळ्या निघाल्या.

अडचणी आहेत. आमच्या डॉक्टर प्रत्येकाला वेळ देतात, म्हणून बाहेर थांबावं लागतं. त्या रजेवर असल्या की त्यांचे सहकारी बघतात, फाइल वाचून बघतात, पण आईला ते चालत नाही. एकाच डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जाण्याचा फायदा खरोखर मोजता येतो का, हे मी शोधलं तेव्हा नॉर्वेतला अभ्यास सापडला. जवळपास ४५ लाख लोकांच्या नोंदी. १५ वर्षांहून जास्त काळ एकच जनरल प्रॅक्टिशनर असलेल्यांमध्ये, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत तातडीने इस्पितळात भरती व्हायची शक्यता २८ टक्के कमी आणि मृत्यूची २५ टक्के कमी दिसली. आमची ओळख अजून तेवढी जुनी नाही. पण आईने दारातून आत पाऊल टाकलं की चाल बदलल्याचं त्यांना कळतं, हे मी पाहिलंय.

लेक आता १३ वर्षांची आहे. तिला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीसाठी नेलं. ही लस ९ ते १४ या वयात दिली तर उत्तम. माझी स्वतःची गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी त्याच सुमारास झाली होती, त्यामुळे लस कशापासून वाचवते हे तिला मीच सांगू शकले. टोचून झाल्यावर डॉक्टर आम्हा दोघांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. या वयापासून मी मुलांशी थोडा वेळ एकट्याने बोलते." जिवाला धोका असेल तर आई-वडिलांना सांगेन, एरवी तिचं बोलणं तिचंच, हे त्यांनी तिच्यासमोरच स्पष्ट केलं. नवरा थोडा अस्वस्थ झाला. मला मात्र फार बरं वाटलं. आम्हाला सांगता येणार नाही असं काही कधी तिच्या वाट्याला आलं, तर जिच्याकडे ती स्वतःहून जाऊ शकेल अशी एक जाणती बाई तिच्या ओळखीची आहे. बाहेर आल्यावर ती काय बोलली ते आम्ही विचारलं नाही. सहा महिन्यांनंतरच्या दुसऱ्या डोसची वेळ ती स्वतःच ठरवून आली होती.